सिदिक मास्तरांची तिजोरी

नारीन गावात कुणाची तिजोरी अडली, की माणूस आधी दोन दिवस एकटाच झगडतो. तिसऱ्या दिवशी मेव्हण्याला बोलावतो. चौथ्या दिवशी मेव्हणा हातोडा काढतो आणि मग कुठे घरातल्या एखाद्या शहाण्या बाईला आठवतं, की अरे, जूराकान एजे आहे ना! एजे म्हणजे थोरली ताई. सत्तरीचे म्हातारेही तिला एजेच म्हणतात. निरोप घेऊन आलेल्याला तिचा पहिला प्रश्न ठरलेला, "हातोडा लागला का?" लागला म्हटलं, की त्याला दारातच उभं करून अशी झाडते की शेजारची कुत्रीसुद्धा भुंकायची थांबतात. झाडून झालं की बूट चढवते, नवऱ्याची जुनी कापडी पिशवी खांद्याला लावते आणि त्याच्या पुढे चालू लागते. कुणी बोलावलं आणि ती गेली नाही, असं एकदाही झालेलं नाही.

बाई त्रेसष्टची. ठेंगणी, रुंद, गालांवर वाऱ्यानं फोडलेली लाली, डोक्याला फुलाफुलांचा रुमाल. बघणाऱ्याला वाटावं, ही फार तर भाकऱ्या बडवत असेल. त्याही बडवते, पण त्या कडक होतात. याबाबत तिच्या दोन्ही मुलींचं एकमत आहे. हिचा हात बसला तो कुलपावर. अठराव्या वर्षी ती डोंगर उतरून राजधानीत, फ्रुंझेला गेली आणि कुलपांच्या कारखान्यात लागली. तिथं कार्लोविच नावाचा एक जर्मन म्हातारा होता, लढाईच्या काळात घरादारासकट इकडे आणून टाकलेला. त्यानं या पोरीची बोटं पाहिली आणि तिला आकडे फिरवून उघडायच्या तिजोऱ्यांच्या बाकावर बसवलं. सात वर्षं तिनं त्याची बोलणी खाल्ली. आज ती जी बोलणी दुसऱ्यांना देते त्यातली निम्मी त्याचीच आहेत, फक्त किरगिझमध्ये आणलेली.

कार्लोविचनं तिला दोन गोष्टी कायमच्या शिकवल्या. एक म्हणजे, कुलूप कानानं उघडत नाही. लोकांना वाटतं तिजोरीला डॉक्टरची नळी लावायची, आत टकटक ऐकायची. काही टकटक वगैरे होत नाही. बोटाला कळतं आणि कागदावर दिसतं, बस्स. दुसरी गोष्ट म्हणजे, दार उघडलं की पाठ फिरवायची. आतलं ज्याचं त्याचं. मालक "झालं" म्हणेपर्यंत भिंत बघत बसायचं. पुढे लग्न होऊन ती नारीनला आली, नवरा ट्रकवर होता तो दोलोनच्या घाटात गेला, दोन मुली एकटीनं वाढवल्या, मधे देश बदलला, नोटा बदलल्या. पण पाठ फिरवायची सवय काही बदलली नाही. गावातल्या टपालघरापासून लोकर-गोदामापर्यंत एकूण एक तिजोरी तिनं उघडली, आणि कशात काय होतं ते तिला एकदाही माहीत नव्हतं. लोकांना ते खरं वाटत नसे. ते तिचं दुर्दैव नाही, लोकांचं.

दोन हजार तीन सालचा मार्च. मंगळवारी सकाळी तेमिरकुल तिच्या दारात आला. हा शाळेच्या सिदिक मास्तरांचा मुलगा. बेचाळीस-त्रेचाळीसचा, उंच, मिशीवर हात फिरवत बोलणारा. लग्न असो की मयत, पंगतीत उभा राहून आपले सात बाप म्हणून दाखवल्याशिवाय हा माणूस जेवत नसे. सात बाप म्हणजे बाप, आजा, पणजा असे वर सातपर्यंत. आमच्याकडे पोराला बोलता यायला लागलं की हे पाठ करून घेतात. पण तेमिरकुल ते ज्या थाटात म्हणायचा, तसं म्हणणारा दुसरा कुणी नव्हता.

"हातोडा लागला का?" एजेनं विचारलं.

"नाही एजे, शपथ. पण शुक्रवारच्या आत नाही उघडली तर माझा मेव्हणा गॅसनं कापणार आहे."

"आत काय आहे?"

"वही."

"वही! आणि गॅसनं कापणार! वा रे वा. मग राख वाचायला कुणाला बोलावणार आहात, मुल्लाला?"

तेमिरकुलनं मान खाली घातली. मग सगळं सांगितलं. त्याचा थोरला मुलगा एरमेक आणि मातकेरिम म्हाताऱ्याची नात जिपार, दोघांनी लग्न करायचं ठरवलंय. पोरगी चांगली, पोरगा चांगला, दोन्ही घरं राजी. आणि ऐन वेळी मातकेरिम म्हाताऱ्यानं बोटं मोजली. त्यांच्या वंशात वर एक एसेनामान आहे, यांच्याही वंशात एसेनामान आहे, आणि तो एकच. सात पिढ्यांच्या आत एक बाप निघाला की ती दोघं भाऊबहीण. मग लग्नाचं नाव काढायचं नाही. तेमिरकुल म्हणतो एसेनामान आमच्या पोराचा आठवा, म्हणजे सुटलो. म्हातारा म्हणतो सातवा, म्हणजे अडकलात. भांडण एका नावावर होतं. मधला कालमिर्झा हा बाप की नुसता चुलता? बाप असला तर आठ, चुलता असला तर सात.

"बाबांनी सगळी वंशावळ लिहून ठेवलीय," तेमिरकुल म्हणाला. "तीस वर्षं म्हाताऱ्याकोताऱ्यांना विचारून विचारून लिहिली. त्यांचा शब्द मातकेरिमसारखा अक्साकाल, पांढऱ्या दाढीचा वडीलधारा, मानणार. पण वही तिजोरीत, आणि आकडा बाबांबरोबर गेला. नोव्हेंबरात बसल्या जागी गेले, दोन शब्द बोलायलाही सवड नाही मिळाली. शुक्रवारी ते लोक येतायत. वही समोर ठेवली नाही तर संपलं, एजे. पोरानं तीन दिवस अन्नाला हात लावलेला नाही."

एजेनं बूट घातले.

तिजोरी मास्तरांच्या घरातल्या पुढच्या खोलीत होती. लोकर-गोदाम बंद पडलं तेव्हा मास्तरांनी ती एका मेंढ्याच्या बदल्यात आणली होती. हिरवी, कमरेएवढी, दारावर शंभर रेघांची चकती आणि खाली मूठ. कोळसा वाचावा म्हणून ही खोली हिवाळ्यात कुणी तापवत नाही. तोंडातून वाफ निघत होती. मास्तरांची बायको बुरुलचा दारात येऊन उभी राहिली. बारीक, नीटस बाई, अजून काळा रुमाल बांधलेली.

"ये गं जूराकान. आधी चहा घे."

"आधी हिला बघते, बुरुलचा एजे. चहा काय पळून जातोय?"

एजे तिजोरीसमोर घडी घातलेल्या रजईवर बसली, तोंडात कुरुतचा एक खडा टाकला. खारट दह्याचा हा वाळवलेला गोळा तिचं घड्याळ होतं. तो विरघळेपर्यंत एकदा हात लावलेलं काम सोडायचं नाही. मांडीवर चौकटीची वही, कानामागे पेन्सिल. असल्या कुलपात आत तीन चाकं असतात आणि प्रत्येकाला एक खाच. तिन्ही खाचा एका रेषेत आल्या की वरची दांडी त्यांत पडते आणि दार सुटतं. आकडा माहीत नसला तर चकती थोडी थोडी फिरवून दांडी कुठे टेकते ते बोटानं बघायचं, कागदावर टिंब टाकायचं, पुन्हा फिरवायचं. शंभर रेघांचा असा सगळा फेरा झाला की टिंबांची ओळ कुठे तरी दबते. तिथं खाच. काम नुसतं चिकाटीचं. घाई करणाऱ्याचं हे काम नव्हेच.

दुपारपर्यंत दोन पानं टिंबांनी भरली आणि एजेचं टाळकं सरकलं. ओळ दबतच नव्हती. एकदा इथं दबे, पुन्हा मोजलं की दुसरीकडे. तिन्ही चाकं एकमेकांचा पदर धरून चालल्यासारखी एकदमच फिरत होती. एकाला थांबवावं तर दुसरंही थांबे.

"अगं ए बये," ती तिजोरीला म्हणाली, "माझ्याशी खोटं बोलतेस? पंचेचाळीस वर्षांत माझ्याशी कुणी खोटं बोललेलं नाही, आणि तू बोलतेस?"

मग तिनं चकतीच्या मागच्या फटीत काडी घातली, बाहेर काढली, नाकाशी धरली. आणि बसल्या जागेवरून ओरडली, "तेमिरकुल! या घरात कुलपात मेंढीच्या शेपटीची चरबी कुणी घातली?"

आता हे आमच्याकडचंच पाप. खोकला झाला, शेपटीची चरबी. बूट कडक झाले, शेपटीची चरबी. लेकराच्या छातीला, घोड्याच्या खोगिराला, दाराच्या बिजागरीला, सगळीकडे तीच. उन्हाळ्यात ती लोण्यासारखी चालते, आणि नारीनच्या थंडीत मेणासारखी घट्ट बसते. तिजोरीच्या चाकांत ती गेली की चाकं एकमेकांना चिकटतात. मग आकडा बरोबर असला तरी दार उघडेलच असं नाही. तेमिरकुल आईकडे बघू लागला. बुरुलचा रुमालाच्या टोकाशी चाळा करत होती.

"ते कुरकुरायचं ना गं," ती हळूच म्हणाली. "ते उघडायला बसले की कर्र कर्र. म्हणून मी दर वसंतात कोंबडीच्या पिसानं थोडी थोडी घालायची."

"किती वर्षं?"

"आठ."

"आठ वर्षं! बुरुलचा एजे, तू तिला कुलूप समजलीस की लेकरू?"

बुरुलचाला हसू आलं. नवऱ्याच्या मयतीनंतर ती पहिल्यांदा हसली असावी, कारण तेमिरकुल चमकून बघत राहिला. मग एजेही हसली. रागावलेली एजे जितकी मोठ्यानं ओरडते तितक्याच मोठ्यानं हसते, आणि त्या दोन्हींमध्ये फारसं अंतर नसतं.

बुधवार नुसता शेकण्यात गेला. चुलीत विटा तापवायच्या, लोकरीच्या जाड नमद्यात गुंडाळून दाराला टेकवायच्या, निवल्या की बदलायच्या. एरमेक विटा वाहत होता. त्याला काम मिळालं म्हणून की काय, संध्याकाळी त्यानं चार घास खाल्ले. एजे मधून मधून डोळ्यांत औषध घालायच्या नळीनं फटीत पेट्रोलचा थेंब सोडे, चकती फिरवे, पुसून घेई. काळपट पिवळा चिकट रस दारावरून ओघळत होता. "जुलाब झालेत बाईला," एजे म्हणाली. "होऊ देत. पोट साफ झालं की बोलेल."

गुरुवारी सकाळी तिजोरी बोलायला लागली. बोटाला लगेच कळलं, चाकं सुटी झालीत. एक मागे राहतंय, एक पुढे जातंय, जसं त्यांनी जायला हवं. एजेनं कुरुत तोंडात टाकला. दुसरा टाकला. तिसरा विरघळायच्या आत कागदावरची ओळ तीन ठिकाणी दबली होती. नवाशी, सतराशी, अठ्ठावन्नशी. आता पहिलं कुठलं आणि शेवटचं कुठलं, एवढंच उरलं होतं. त्याचे होऊन होऊन सहाच प्रकार होतात.

"सतरा, नऊ, अठ्ठावन्न," तिनं पुटपुटत पहिला प्रकार लावायला घेतला.

"तो नाही एजे," तेमिरकुल म्हणाला. "तो मी पहिल्याच दिवशी लावून बघितला. आई या घरात सून म्हणून आली ती तारीख आहे. नाही उघडलं."

"उघडलं कसं असतं? चरबी होती ना!"

डावीकडे चार फेरे, सतरावर. उजवीकडे तीन, नवावर. डावीकडे दोन, अठ्ठावन्नवर. मग सावकाश उजवीकडे. चकती अडली. एजेनं मूठ दाबली आणि ती सुरीनं दही कापावं तशी खाली गेली.

बुरुलचा कोपऱ्यात उभी होती. तिनं दोन्ही हात तोंडावर धरले. "माझी तारीख लावली होती यांनी," ती म्हणाली. "पंचेचाळीस वर्षांत एकदा तोंडानं म्हटलं नाही की आज तू आलीस तो दिवस. एकदासुद्धा नाही." आणि रडायला लागली, आणि रडताना त्यांना शिव्याही देत होती, आणि मग "चहा टाकते" म्हणून आत गेली.

एजेनं तोवर पाठ फिरवली होती. ती खिडकीकडे तोंड करून बसली. मागे दार कण्हत उघडलं. कागद हलले. "सापडली," तेमिरकुल म्हणाला. पानं उलटली. बराच वेळ पानं उलटण्याचाच आवाज.

"झालं का?" एजेनं खिडकीला विचारलं.

ती जागच्या जागी सरकून बसली.

"तेमिरकुल, अरे झालं का? माझी मान अवघडली."

"एजे," तो म्हणाला. "हे दार पुन्हा लावून टाका. आणि बाहेर सांगा, उघडलं नाही म्हणून."

"काय लिहिलंय?" असं एजेनं विचारलं नाही. तिनं कधीच विचारलं नव्हतं. पण त्यानंच सांगितलं, कारण एकट्यानं पेलवेना.

कालमिर्झा चुलताच होता. म्हणजे एसेनामान सातवा. मातकेरिम म्हातारा बरोबर होता. पण त्याच पानाच्या खाली, मास्तरांच्या त्या गोल शाळामास्तरी अक्षरात आणखी लिहिलं होतं. एकोणीसशे सोळा साली झारच्या फौजेपुढे सगळा मुलूख चीनकडे पळत सुटला, तेव्हा बेदेलच्या खिंडीत शेरगाझीला, वंशावळीत मास्तरांचा आजा म्हणून नाव असलेल्या माणसाला, एक मेलेली बाई दिसली, आणि तिच्या कोटात जिवंत लेकरू. शेरगाझीनं ते उचललं. घोडीच्या दुधावर वाढवलं. नाव ठेवलं बायझाक. हाच मास्तरांचा बाप. 'ती बाई कोण, कुठल्या वंशाची, हे शेरगाझीला ठाऊक नव्हतं आणि मलाही नाही,' मास्तरांनी लिहिलं होतं. 'ज्यानं माझ्या बापाला खाऊ घातलं त्याची वंशावळ मी लिहिली आहे. रक्ताची मला माहीत नाही.'

"म्हणजे एसेनामानचं रक्त तुमच्यात नाहीच. पोरांचं लग्न होऊ शकतं," एजे हळू म्हणाली. ती अजून खिडकीकडेच बघत होती.

"होऊ शकतं!" तेमिरकुल ओरडला. "आणि मी कोण, एजे? शेरगाझी माझा कुणी नाही, त्याच्या वरचा तोलोक कुणी नाही, त्याच्याही वरचा बोरोनबाय कुणी नाही. मी आयुष्यभर पंगतीत उभा राहून कुणाचे बाप म्हणत होतो? लोक हसतील. म्हणतील, हा खिंडीत सापडलेला. पोराला दुसरी मुलगी बघता येईल. बाप कुठून आणू?"

एजे वळली. मालकानं "झालं" म्हटलेलं नव्हतं, तरी वळली.

"हे बघ. दार तुझं, लाव म्हणालास तर लावते. आत काय होतं ते मला विचारलं तर मी बहिरी आहे. पण उघडलं नाही असं मी म्हणणार नाही. पंचेचाळीस वर्षांत उघडलेल्या कुलपाला अडलेलं म्हटलेलं नाही, तुझ्यासाठी म्हणायची नाही. खोटं बोलायचं तर तुझ्या तोंडानं बोल."

तेमिरकुल जमिनीवर बसला. एजे चिडक्या आवाजात म्हणाली, "फ्रुंझेला असताना मलाही एक आवडला होता. टोपी घालायचा तिरकी, शिट्टी वाजवायचा. आमचं सहाव्याला अडलं. माझ्या काकानं बोटांवर मोजलं, एवढ्यात आटपलं. नवरा मला चांगला मिळाला, तक्रार नाही. पण तेव्हा कुणी तरी एक वही काढून दाखवली असती ना, तर मी त्या माणसाचे पाय धरले असते. आता तोंड पाडून बसू नकोस. कुलूप खोलायचंय मला, हात लाव."

तिनं दाराच्या आतल्या बाजूचं झाकण सोडवलं आणि कुलूप नमद्यावर उलगडलं. एकेक चाक काढून तेमिरकुलच्या तळहातावर ठेवत गेली. "धर. पडू देऊ नको. कुठलं वर, कुठलं खाली, लक्षात ठेव." तीन पितळी चाकं, चिकट, काळी. ती पेट्रोलच्या फडक्यानं पुसत होती, तो धरून बसला होता. चाकं पिवळीधमक झाली तेव्हा दुपार कलली होती. मग मधल्या दांड्याला घड्याळाच्या तेलाचा सुईएवढा थेंब, बाकी सगळं कोरडं. पुन्हा जोडणी. दार उघडंच ठेवून आकडा तीनदा लावून बघायचा, हा नियम. तीनदा लावला, तीनदा दांडी पडली.

"आकडा बदलायचाय का?" एजेनं आत हाक मारली.

"हात लावशील तर बघ!" आतून बुरुलचाचा आवाज आला.

तेमिरकुलनं वही उचलून कोटाच्या आत घातली. काय करणार ते बोलला नाही, एजेनंही विचारलं नाही. फक्त निघताना बुरुलचानं तिला हाताला धरून सांगितलं, "उद्या तू यायचंस. तू उघडलीस, तू बसायचंस."

शुक्रवारी दुपारी मातकेरिम म्हातारा आला, बरोबर त्याचे दोन मुलगे. सत्त्याहत्तरचा माणूस, पण पाठ ताठ. त्याला मानाच्या जागी बसवलं, चहा झाला, मांस आलं. एरमेक दाराशी उभा होता, रंग उडालेला. एजे बायकांच्या बाजूला बसली होती आणि पहिल्यांदाच तिला हातातला वाडगा जड वाटत होता. हा आता म्हणणार, वही मिळाली नाही, असं तिला वाटत होतं. मिळाली नाही म्हणेल, आणि मला गप्प बसावं लागेल. की नाही बसावं लागणार?

"तिजोरी उघडली म्हणतात," म्हातारा म्हणाला. "मग बोल, पोरा. कालमिर्झा कोण?"

तेमिरकुल उभा राहिला. नेहमी उभा राहायचा तसा नाही. मिशीवर हात गेला नाही.

"कालमिर्झा चुलता, अक्साकाल. तुमचं बरोबर होतं." एरमेकनं डोळे मिटले. "पण पुढं ऐका. एरमेकचा बाप मी, तेमिरकुल. माझा बाप सिदिक. त्यांचा बाप बायझाक." तो थांबला. पाठ असलेलं पुढचं नाव ओठांवर आलेलं सगळ्यांना दिसलं. त्यानं ते गिळलं. "बायझाकचा बाप आम्हाला माहीत नाही. बेदेलच्या खिंडीत मेलेल्या आईच्या कोटात तो सापडला. शेरगाझीनं उचलला आणि वाढवला. माझ्या बापानं लिहून ठेवलंय. ही वही. मी इतकी वर्षं जे सात बाप म्हणत आलो, त्यातले बायझाकच्या वरचे रक्ताचे नव्हते."

वही त्यानं म्हाताऱ्यापुढे ठेवली आणि तसाच उभा राहिला, मार खायला उभं राहावं तसा.

म्हाताऱ्यानं चष्मा लावला, ते पान एकदा वाचलं, पुन्हा वाचलं. मग वही मिटून दोन्ही हातांनी कपाळाला लावली.

"एरमेक, इकडे ये," तो म्हणाला. पोरगा आला. "तू आता बायझाकपासून मोज. तुझ्या हाताशी तीन झाले. तुझ्या पोराला चार होतील. साताची घाई नाही. लग्न नवरोजच्या सणानंतर करू."

जिपारचा बाप हसला, कुणीतरी "आमीन" म्हणालं, सगळे एकदम बोलायला लागले. तेमिरकुल खाली बसला आणि दोन्ही हातांत तोंड धरून हुंदके देऊ लागला, एवढा मोठा माणूस. एजेलाही रडू आवरेना. तिनं आवरायचा प्रयत्नही केला नाही.

मात्र बुरुलचा उठली होती. ती चुलीकडे गेली, मोठी कढई काढली, तेल ओतलं. तेमिरकुलची बायको म्हणाली, "सासूबाई, मांस आहे की, आता आणखी काय तळता?"

आमच्याकडे घरचं कुणी गेलं, की त्याच्या नावानं तेल तापवतात, पोळ्या तळतात. त्या वासानं मेलेला माणूस घरी येऊन जातो म्हणतात. सासऱ्यासाठी बुरुलचानं तळल्या होत्या, सासूसाठी तळल्या होत्या, शेरगाझीसाठी वर्षानुवर्षं तळल्या होत्या, आणि हिवाळाभर दर गुरुवारी नवऱ्यासाठी.

"बायझाकला आई होती," ती कणीक ओढून घेत म्हणाली. "सत्त्याऐंशी वर्षं बर्फात बसलीय गं ती. या घरानं तिच्यासाठी एकदाही तेल तापवलं नाही."

म्हातारा मातकेरिम गुडघ्यावर हात टेकून उठला, आणि बाकीचे सगळे त्याच्यामागे. चुलीपाशी दाटीवाटीनं बसून त्यांनी हात पुढे धरले. नाव कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून म्हाताऱ्यानं प्रार्थनेत नुसतंच म्हटलं, "आमची आई." जूराकान एजेनं बाह्या मागे सारल्या आणि पोळ्या लाटायला बसली.